जखऱ्याच्या घरचा पसा

"हा आमच्या घरचा पसा," तबीथा म्हणाली. उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही. पदराच्या टोकात पसाभर गहू होते आणि ते टोक तिनं लांबूनच पुढे धरलं होतं.

मी आणि माझी सासू जातं मांडून बसलो होतो. सासूला मी आत्या म्हणायची. रिबकाबाई तिचं नाव. आत्यानं खुंटा थांबवला नाही, माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"आण की गं," मी म्हणाले. "बाहेर का उभी? सुपात घाल."

तबीथाचे डोळे एवढाले झाले. माझा नवरा शमुवेल तिच्या नवऱ्यामुळे गेला होता. वर्ष व्हायला आलं, पण तिच्याकडे तोंड करून मी एक शब्द बोलले नव्हते. ती आत आली, घाईघाईनं गहू सुपात ओतले आणि पदर झटकून मागं सरली.

"आणि भावजींना माझा निरोप सांग," मी म्हणाले. "या वेळची भाकर माझ्या हातची आहे. ते उठून गेले तर मला वाईट वाटंल. उद्या त्यांनी खायलाच पाहिजे."

"खरंच सांगू?"

"अगं, शपथेवर सांग."

ती रडली. माझ्या पायांना हात लावायला वाकली, तो मी धरला. मग ती गेली. तिची पावलं कुंपणापलीकडे गेल्यावर आत्यानं खुंटा सोडला.

"लई गोड बोललीस, सुवार्ता," ती म्हणाली. "गुळात काय कालवलंस?"

इथं आमच्या वाडीची रीत सांगायला हवी. येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खायचं ते प्रभुभोजन आमच्याकडे दर महिन्याला असे, पण सुगीच्या रविवारचं मोठं. त्या दिवसाच्या भाकरीला गिरणीचं पीठ चालत नसे. मंडळीतलं प्रत्येक घर पसाभर गहू पाठवी आणि ज्या घरची पाळी असेल त्या घरच्या बायका ते जात्यावर दळत. पसा जात्यात वैरताना त्या घराच्या नावानं एक ओवी म्हणायची, भल्याची. कुणी आजारी असेल तर त्याला उतार पडू दे, कुणी पोटुशी असेल तर तिची सुखानं सुटका होऊ दे. ओवीशिवाय पसा दळायचा नाही. शास्त्रात हे कुठं सापडत नाही, असं पाळकसाहेब म्हणत. पण सगळ्यांत आधी पसा यायचा तो त्यांच्याच बायकोचा.

त्या सालची पाळी आमची होती. आणि आता जखऱ्याच्या घरचा पसा सुपात पडला होता.

तबीथाचा नवरा जखऱ्या हा विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. शमुवेल त्याच्या टोळीत पहार मारायचा. खडक लागला की पहारीनं भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, लांब वात काठापर्यंत आणायची. वात पेटवण्याआधी मुकादमानं काठावर उभं राहून तीनदा आरोळी द्यायची, म्हणजे खालचा माणूस वर येतो. देशमुखांच्या मळ्यातल्या विहिरीत त्या दिवशी शमुवेल खाली असतानाच सुरुंग उडाला. मी भाकरी घेऊन बांधावरून येत होते. वारा माझ्याकडे होता. साळुंक्यांची भांडणं ऐकू येत होती, लांबच्या रहाटाची कुरकुर ऐकू येत होती. आरोळी आली नाही. माझ्या कानांनी मी सांगते, आली नाही.

जखऱ्या मात्र विहिरीच्या काठावर, साऱ्या गावासमोर छाती पिटून ओरडला, "मी तीनदा आरोळी दिली! तो प्यालेला होता! ऐकलंच नाही त्यानं!"

शमुवेलनं लग्नाच्या वर्षी दारू सोडली होती. पण जीव घेतला ठासायच्या दारूनं आणि नाव झालं प्यायच्या दारूचं. लोकांनी मुकादमाचं खरं धरलं. बायको काय, रडणारच, नवऱ्याची बाजू घेणारच. मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी दारूच्या व्यसनावर प्रवचन केलं. माझ्या नवऱ्याच्या उघड्या पेटीपुढे. मी खाली मान घालून ऐकलं आणि तेव्हाच मनाशी म्हटलं, प्रभू, याला सोडू नकोस. पाळकाला नाही, त्या दुसऱ्याला.

तेव्हापासून माझी प्रार्थना एवढीच. उपासनेला मी जायची. सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि 'जशी आम्ही क्षमा केली' ही क्षमेची ओळ आली की ओठ मिटायची. ती ओळ संपली की पुन्हा सुरू. माझ्या एवढ्या गप्प राहण्यानं कुणाला काही कळत नसे; आत्याला कळे. ती शेजारी बसायची. पण ती काही बोलली नव्हती.

जखऱ्याही उपासनेला यायचा, पण भाकर मोडायची वेळ आली की उठून बाहेर जायचा. का, ते मला ठाऊक होतं. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मागं एक आमोस नावाचा माणूस होता. भावाचा बैल विकून, मी नाहीच विकला म्हणत त्यानं प्रभूची भाकर खाल्ली आणि पुढच्या रविवारच्या आत त्याचं तोंड कानापर्यंत वाकडं झालं. मरेपर्यंत तो पाणीसुद्धा एका बाजूनं प्यायचा. खोटं पोटात ठेवून जो ती भाकर खातो, तो आपली शिक्षाच खातो.

"म्हणून बोलावलंस त्याला," आत्या म्हणाली.

"हो."

"आमोसला लकवा झाला होता, बाई."

"लकवा दिला कुणी?"

आत्या हसली. दात फारसे नव्हते, त्यामुळे हसली की तिचं तोंड लहान लेकराचं होई. "मग नीट कर जे करायचं ते," ती म्हणाली. "ओठांत पुटपुटून शाप देऊ नये. देव म्हातारा झालाय, त्याला ऐकू जायला पाहिजे. पसा वैर आणि मोठ्यानं म्हण."

मला वाटलं, ती मला टोमणा मारतेय. पण तिनं खुंट्याला हात घातला होता आणि ती माझी वाट बघत होती. तिचाही पोरगा गेला होता. मी जखऱ्याच्या घरचे गहू मुठीत घेतले, जात्याच्या तोंडात सोडले आणि गळा मोकळा करून म्हटलं:

*जखऱ्याच्या दारामंदी, उगवू दे निवडुंग*
*त्याच्या निजेच्या उशाला, रोज फुटू दे सुरुंग*

"जमली," आत्या म्हणाली. "अजून दाणे हायेत."

*त्याच्या तांब्याच्या पाण्याला, यावा जळका तो वास*
*खोट्या त्याच्या जिभेवर, अडो भाकरीचा घास*

जातं घरघरत होतं. पीठ पांढरं पडत होतं, इतर घरांच्या पिठात मिसळत होतं, वेगळं काढता येत नव्हतं. मला घाम आला होता आणि फार दिवसांनी अंगात रक्त फिरतंय असं वाटत होतं. सूड ही ऊबदार गोष्ट आहे. थंडीत पांघरायला दुसरं काही नसेल तर माणूस तेच पांघरतो.

तेवढ्यात कुडाबाहेर कुणीतरी खाकरलं.

जखऱ्या होता. दारात उभा. धिप्पाड माणूस, पण वर्षभरात त्याचं अंग टांगलेल्या सदऱ्यासारखं झालं होतं. तो कधीपासून उभा होता, मला कळलं नाही.

"निरोप मिळाला, वहिनी," तो म्हणाला. "म्हणून आलो."

आत्याच म्हणाली, "ऐकलंस का रं ओव्या?"

"ऐकल्या, मावशी. चांगल्या हायेत." तो खाली बघत होता. "पर ती उशाच्या सुरुंगाची... ती मागायची गरज नव्हती, वहिनी. तो रोजच फुटतोय."

आज इतक्या वर्षांनी मी लपवत नाही. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. देवानं माझं निम्मं ऐकलं होतं.

"उद्या येताय ना मग?" मी विचारलं.

"आमोसची गोष्ट मला बी ठाऊक हाय," तो म्हणाला.

"मग?"

"येतो."

तो गेला. आत्या पीठ गोळा करता करता म्हणाली, "तो मरायला येतोय, तू मारायला बसलीस. मधल्या मधी भाकर बिचारी काय करील?"

सकाळी मी लुगडं बदललं, भाकरी पांढऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि टेबलाच्या अगदी समोर, पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले. मला त्याचं तोंड नीट दिसायला हवं होतं.

उपासना नेहमीसारखीच झाली. डफ वाजला, टाळ वाजले. प्रार्थनेतली माझी ओळ मी गाळली. मग पाळकसाहेबांनी फडकं उघडलं आणि भाकर मोडली. एकेक जण पुढे येऊ लागला. पुरुष आधी. मागं सतरंजीवरून कुणी उठल्याची चाहूल लागली. जखऱ्या बाहेर गेला नाही. तो पुढे आला.

पाळकसाहेबांचा हात क्षणभर थांबला, पण त्यांनी तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. जखऱ्यानं तो तोंडाजवळ नेला. खा, मी मनात म्हटलं. खा, मेल्या. गिळ.

त्यानं हात खाली घेतला आणि तो मंडळीकडे वळला.

"आरोळी मी दिली नव्हती," तो म्हणाला.

आवाज इतका लहान होता की मागच्या बायकांनी, "काय म्हणतोय? काय?" असं विचारलं. तबीथानं तोंडावर पदर घेतला.

"शमूचा पटका काठावर दिसला. वाटलं, वर आला. वात लावली. प्यालेला मी होतो." तो पुढे म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नाव घेतलं. तो काय परत येऊन बोलणार नव्हता."

पाळकसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना त्यांचं प्रवचन आठवलं असणार. आणि जखऱ्या माझ्याकडे बघत होता. तळव्यावरचा तुकडा पुढे करून त्यानं विचारलं, "वहिनी, खाऊ का?"

"जखऱ्या, हे पाळकाला विचारायचं असतं," साहेब कसेबसे म्हणाले.

"दळली त्यांनी हाय, साहेब."

तुम्हांला वाटेल, माझं मन भरून आलं. नाही. मला कळलं, की मी लुटले गेले. खोटं पोटात असताना त्यानं खायला हवी होती. आता त्यानं खोटं ओकून टाकलं होतं, आणि आता ती भाकर त्याच्या केसालाही धक्का लावणार नव्हती. वर्षभर धार लावलेली माझी सुरी त्यानं माझ्याच डोळ्यांसमोर बोथट केली होती.

मी उठले. "इथं फार हळू बोललात, भावजी," मी म्हणाले. "खोटं विहिरीवर ओरडून बोलला होतात. गावासमोर. खरं पण तिथंच ओरडा. मग विचारा खाऊ का म्हणून."

"सुवार्ता," पाळकसाहेब म्हणाले, "उपासना चालू आहे, बाई."

"तुम्ही चालवा," आत्या म्हणाली आणि काठी शोधू लागली.

कुणी राहिलं नाही. सारी मंडळी निघाली. पुढे जखऱ्या, मुठीत भाकर, मागं मी. मळ्यात इंजिनाचं पाणी चालू होतं, देशमुखांची माणसं पिकाला दारं धरत होती. एवढा घोळका बघून ती आली, गावातली येणारीजाणारी आली. विहिरीला तेव्हा माणूस बुडेल एवढं पाणी लागलेलं होतं, हिरवं आणि गार. माझ्या नवऱ्यानंतर लागलेलं पाणी.

जखऱ्या काठावर उभा राहिला. जे देवळात सांगितलं तेच त्यानं इथं मोठ्यानं सांगितलं, गावाला ऐकू जाईल असं. मग तोंडाशी हात नेऊन त्यानं ती आरोळी दिली, जी त्यानं दिली नव्हती.

"सुरुंग हाय रं! वर या रं! सुरुंग हाय!"

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. विहिरीनं त्याची आरोळी गोल फिरवली आणि पाण्यात बुडवली.

लोक कुजबुजले. कुणी शमुवेलचं नाव घेतलं, चांगल्या शब्दांत. देशमुखांच्या एका गड्यानं डोक्याची टोपी काढली. मला जे हवं होतं, त्यातलं हे निम्मं होतं. पाळकसाहेब पुढे आले. "झालं, जखऱ्या. चला आता सगळे."

जखऱ्या हलला नाही.

"चल, बाबा."

टोळीतला एक म्हातारा खोदकाम्या म्हणाला, "तो हलायचा नाय, साहेब. आरोळी दिली की खालून 'आलो' असं उत्तर यावं लागतं. तोवर देणारानं काठ सोडायचा नसतो. कामाचा नेम हाय."

"पण खाली कोण आहे आता?"

"कुणी नाय," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर."

जखऱ्या काठावर उभा, मान खाली, पाण्याकडे कान देऊन. उन्हं चढली. पाळकसाहेबांनी दोनदा समजावलं, तबीथानं हात धरून ओढलं. तो दगडासारखा. हळूहळू लोक पांगले. बायका लेकरांना जेवायला घालायला गेल्या. मी बाभळीखाली बसले. आता मात्र मी सुखात होते. माझं देवानं पुरतं ऐकलं होतं. ज्या उत्तराची हा वाट बघत होता, ते देणारा या जगात नव्हता. उभा राहा म्हटलं. मूळ फुटेस्तोवर उभा राहा.

आत्या माझ्याशेजारी टेकली. पदराच्या गाठीतून तिनं भाकरीचा तुकडा काढला आणि तोंडात टाकला.

"तुम्ही खाल्ली?"

"घेतली होती साहेबांकडनं. मला भूक लागती." ती हिरड्यांनी चावत राहिली. "किती वेळ उभा ठेवणार?"

"जन्मभर."

"बरं. मग तुला बी हितंच बसावं लागंल. नाहीतर तो बसला का उभा, कळणार कसं?"

"बसेन."

"बस." घास गिळून ती म्हणाली, "वरीसभर बघते. प्रार्थनेत एक ओळ सोडतीस, बाकीची म्हणतीस. मी म्हणायची, असू दे. शिव्या द्यायला का हुईना, जाती तर त्याच्याचकडं." तिनं विहिरीकडं बोट केलं. "पर एक सांगते. माझा शमू तिथं नाय. येशूनं त्याला त्याच दिवशी वर घेतला. माझा तो पोरगा हाय, मला ठाऊक हाय. तवा जखऱ्या ज्याची वाट बघतोय, तो खाली नाय."

"मग?"

"खाली कोण हाय, ते तुझं तू बघ," आत्या म्हणाली, आणि काठीवर हनुवटी टेकून तिनं डोळे मिटले.

मी बसून राहिले. वारा पडला होता. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी एकदा विहिरीकडे बघितलं, एकदा त्या माणसाकडे. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. मला तो आवडला नाही. आजही मी म्हणणार नाही की तो मला आवडला. पण वर्षभरात मी ऊन अंगावर घेतलं नव्हतं. दिवा लावला नव्हता. कुणाच्या बारशाला गेले नव्हते. भाकरी खाताना तिची चव कळली नव्हती. विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं सगळं लांबून ऐकू यायचं, वरच्या माणसांचं.

मी उठले. पाय बधिर झाले होते. दोन पावलं गेले आणि मला वाटलं, आवाज निघणार नाही. मग निघाला. केवढा मोठा निघाला! बगळे उडाले.

"आले!"

जखऱ्या दचकला. त्यानं आधी पाण्याकडे बघितलं, मग मागं वळून माझ्याकडे.

"आले, भावजी," मी म्हणाले. "वर आले. सोडा आता काठ."

तो जागच्या जागी बसला. काठावरून दूर सरकत, लेकरू सरकतं तसा, जमिनीवर हात टेकत. एक हात मात्र टेकेना. ती मूठ त्यानं सकाळपासून उघडलीच नव्हती. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. आत भाकरीचा तुकडा होता, घामानं मऊ झालेला. त्याचे गहू, माझे गहू, आणि दोन्हींत मिसळलेला माझा शाप.

मी तो उचलला आणि मोडला. मोठा तुकडा मी घेतला. लहान त्याला दिला.